पट्टीत वडिलांचे नाव निघाले, मग शंका कशाची?

गेल्या अंकात या सदरात टॅरो पत्त्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर बरीच पत्रे आली. काही संतापलेली होती, काही समजूतदार होती आणि काहींमध्ये मूळ प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचे प्रश्न होते. त्यांपैकी पाच येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि त्यांनी उल्लेख केलेल्या केंद्रांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून स्वभावाने चिकित्सक आहे. मेहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही पतिपत्नी एका नाडीकेंद्रात गेलो. ऋषींनी ताडपत्राच्या पट्ट्यांवर लिहून ठेवलेले प्रत्येकाचे भविष्य तेथे शोधून वाचतात, असे सांगतात. माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. दोन गठ्ठ्यांत पट्टी मिळाली नाही, तिसऱ्या गठ्ठ्यात मिळाली. तिच्यात माझे, वडिलांचे, आईचे आणि पत्नीचे नाव जसेच्या तसे निघाले. या सर्वाला सुमारे दीड तास लागला. पट्टी सापडल्यावरचे वाचन त्यांनी ध्वनिमुद्रित करून दिले, ते माझ्याकडे आहे. माझी त्यांची कसलीही ओळख नसताना ही नावे त्यांना कशी कळली? आता मुलीच्या विवाहातील अडथळ्यासाठी शांतिकांड आणि दीक्षाकांड या नाडीतील उपायांच्या प्रकरणांतले विधी सुचवले आहेत व त्यांचा खर्च मोठा आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील एकही तपशील मी नाकारत नाही. चारही नावे निघाली असतील आणि ती बरोबरच असतील. ती नावे त्या खोलीत कोणत्या वाटेने आली, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपण सांगितलेल्या दीड तासात शोधावे लागते.

नाडीवाचनाची पद्धत, तिचे माहेरघर मानले जाणाऱ्या तामिळनाडूतील वैदीश्वरन कोविलपासून पुण्या-मुंबईतील केंद्रांपर्यंत, साधारण सारखीच असते. पुरुषाचा उजवा किंवा स्त्रीचा डावा अंगठा पाहून ताडपत्रांचा एक गठ्ठा आणला जातो. वाचक एकेक पट्टी उचलतो, जुन्या तमिळमधील ओळी म्हणतो आणि दुभाषी त्यांचा अर्थ मराठीत किंवा हिंदीत सांगतो. समोरच्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे असते. ‘आपल्याला दोन भावंडे आहेत?’ नाही. पट्टी बाजूला. ‘आपली नोकरी पैशांच्या हिशेबाशी संबंधित होती?’ हो. ‘वडील हयात नाहीत?’ हो. ‘वडिलांचे नाव विष्णूच्या किंवा दत्ताच्या नावांपैकी आहे?’ हो. ‘त्या नावात चार अक्षरे आहेत?’ नाही. पुन्हा पट्टी बाजूला. सर्व उत्तरे ‘हो’ येतील ती पट्टी आपली, असे सांगितले जाते, आणि आपण ती आनंदाने आपली मानतो.

मुले प्रवासात ‘ओळखा पाहू’ खेळतात, तोच हा खेळ आहे. फरक इतकाच की येथे ओळखणाऱ्याला दीड तास मिळतो आणि सांगणाऱ्याला आपण काही सांगत आहोत याची जाणीव नसते. नीट निवडलेल्या अवघ्या २० हो-नाही प्रश्नांतून १० लाखांहून अधिक पर्यायांमधून एक पर्याय वेगळा काढता येतो, हे बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला पटवून द्यावे लागणार नाही. त्या दीड तासात आपल्याला किती प्रश्न विचारले गेले असतील, याचा अंदाज आपणच करावा. शिवाय एका विशिष्ट पिढीतील मराठी पुरुषांची नावे फार मोठ्या संख्येने नसतात. आद्याक्षर, अक्षरसंख्या आणि देवता कळली की मोजकीच नावे उरतात. त्यातच भेटीची वेळ ठरवताना दूरध्वनीवर आपले नाव दिलेले असते, प्रतीक्षागृहात मेहुण्यांनी आपल्याला नात्याने हाक मारलेली असते आणि पत्नी शेजारीच बसलेली असते.

या पद्धतीतील खरी चतुराई मात्र नावे काढण्यात नाही. कोणत्याही साध्या ज्योतिषाने ‘आपल्याला दोन भावंडे आहेत’ असे म्हटले आणि ते चुकले, तर ती त्याची चूक ठरते. नाडीत ते चुकले तर ‘ही पट्टी दुसऱ्या कोणाची’ असे ठरते. दीड तासात झालेल्या सर्व चुका अशा रीतीने कोणा अनोळखी माणसाच्या खात्यावर जमा होतात आणि अखेरीस आपल्या आठवणीत उरतात ती फक्त बरोबर आलेली चार नावे. आपल्याला मिळालेल्या ध्वनिमुद्रणातही तेवढेच आहे. ते पट्टी सापडल्यानंतर सुरू होते, हे आपणच लिहिले आहे. शोधाचा भाग त्यात असता तर हे उत्तर लिहिण्याची गरज पडली नसती. नाडी पाहून आलेली श्रद्धाळू मंडळीसुद्धा एक गोष्ट वारंवार सांगतात, की भूतकाळ अगदी तंतोतंत निघतो, भविष्याचे मात्र तितके जुळत नाही. ज्याची उत्तरे समोर बसलेल्या माणसाकडे आहेत तेवढेच जुळावे आणि ज्याची कोणाकडेच नाहीत ते जुळू नये, हे ऋषींनी लिहून ठेवलेल्या पट्टीपेक्षा प्रश्नोत्तरांच्या पद्धतीशी अधिक सुसंगत आहे.

तो वाचक जाणूनबुजून फसवतो की परंपरेने शिकलेली रीत प्रामाणिकपणे पाळतो, हे मी येथे बसून सांगू शकत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याला पडताळा घ्यायचाच असेल तर तो सोपा आहे. ओळख न देता, वेळ दुसऱ्याच्या नावाने घेऊन, एकट्या माणसाने जावे, अंगठ्याचा ठसा द्यावा आणि त्यानंतर एकाही प्रश्नाला शब्दाने, मानेने वा चेहऱ्याने उत्तर देऊ नये. ठसा जर पट्टी निवडायला पुरेसा असेल तर उत्तरांची जरुरी पडू नये. किंवा केंद्राने सापडलेल्या पट्टीचे छायाचित्र काढू द्यावे आणि ते आपण जुनी तमिळ लिपी वाचणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या अभ्यासकाला दाखवावे. त्याने तीच चार नावे वाचून दाखवली तर मी या सदरात ते छापायला तयार आहे.

विधींच्या खर्चाबाबत माझे मत स्पष्ट आहे : तो करू नये. पैशांहून अधिक काळजी मला आपल्या मुलीची वाटते, कारण एकदा घरात ‘अडथळा’ हा शब्द शिरला की प्रत्येक जुळून न आलेले स्थळ त्याचा पुरावा होते आणि ते ओझे तिला वाहावे लागते. तिने विवाहाविषयी स्वतः काय ठरवले आहे, हा प्रश्न आपल्या पत्रात कोठेही आला नाही.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चा, म्हणजे मध्यमेंदू जागा करून देण्याचा दावा करणारा, वर्ग केला. आता तो डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखतो आणि पुस्तकही वाचतो. सासूबाई हे शेजाऱ्यांना दाखवतात. मला मात्र काहीतरी खटकते. मी उगाच शंका घेत आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती लवकर व्यक्त केलीत हे बरे झाले. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा वरचा भाग असून डोळ्यांच्या हालचाली, प्रकाशानुसार बाहुली लहान-मोठी होणे अशी कामे त्याच्याकडे असतात, आणि त्यातील काही पेशी झिजल्या की पार्किन्सनचा विकार होतो. तो निरोगी मुलात झोपलेला नसतो आणि त्याला संगीत ऐकवून कोणी जागे करण्याची आवश्यकता नसते. मुळात तो खरोखर बंद असता तर मूल शुद्धीवरच राहिले नसते.

मूल वाचते कसे, याचे उत्तर नाकाच्या दोन बाजूंना आहे. डोळ्यांवरची पट्टी गालांवर सपाट बसते, पण नाकाच्या उंचवट्यामुळे दोन्ही बाजूंना बारीक फट राहते आणि त्या फटीतून खाली, हनुवटीच्या दिशेने दिसते. मुलगा पुस्तक कोठे धरतो ते पाहावे. ते बहुधा छातीशी, जरा खाली असेल आणि वाचण्यापूर्वी तो मान किंचित मागे नेत असेल. एका जाड पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्या नाकाच्या टोकाखाली आडवा धरावा, म्हणजे खालची वाट बंद होते, किंवा वाचायचा कागद त्याच्या कपाळाच्या वर धरावा. मंगळुरूचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे प्रयोग जाहीरपणे करून दाखवले आहेत आणि अशा वर्गांच्या चालकांना आव्हानेही दिली आहेत. नजरेची वाट बंद झाली की वाचन थांबते.

परंतु हा प्रयोग शेजाऱ्यांसमोर करू नका, आणि सासूबाईंसमोरही लगेच नको. नऊ वर्षांच्या मुलाला आपण फटीतून पाहतो हे पक्के माहीत असते. वर्गात इतर मुले वाचत होती, शिक्षक शाबासकी देत होते, बाहेर आईवडील हजारो रुपये भरून वाट पाहत होते. अशा वेळी ‘मला दिसत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मोठ्यांनाही झाले नसते. आता तो आजीच्या कौतुकात अडकला आहे. त्याला एकट्याला जवळ घेऊन, ‘नाकाजवळून दिसते ना रे? मलासुद्धा दिसते, हे बघ,’ असे म्हणत पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधून दाखवावी. त्याला ओरडा मिळणार नाही याची खात्री पटली की तो आपणहून सांगेल. सासूबाईंशी आपल्या यजमानांनी बोलावे. सुनेने बोलले तर विषय पट्टीचा राहणार नाही. रोज पट्टी बांधून वाचण्याचा जो ‘सराव’ सांगितला असेल तो मात्र आजपासून बंद करावा.

प्रश्न : माझी अर्धशिशी वीस वर्षांची आहे. गेल्या वर्षीपासून रेकी, म्हणजे हातांतून ऊर्जा देण्याचा उपचार, घेते आणि दुखणे निश्चित कमी झाले आहे. माझा इंजिनीअर मुलगा माझी थट्टा करतो. मला आराम पडला आहे हे खोटे आहे का? रेकी देणाऱ्या ताई आता म्हणतात की गोळ्यांमुळे ऊर्जेला अडथळा होतो, त्या हळूहळू सोडाव्यात.

उत्तर : आपला आराम खरा आहे. वेदना किती आहे याची साक्ष फक्त ज्याला ती होते तोच देऊ शकतो, आणि आपल्या चिरंजीवांनी त्यावर थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र आराम कशाने पडला, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर केवळ अनुभवातून मिळत नाही.

अर्धशिशी चढउतारांची असते. माणूस नवा उपचार शोधतो तो बहुतेकदा दुखणे शिगेला पोहोचलेले असताना, आणि त्यानंतर ते काही काळ आपोआपच उतरणीला लागते. त्या उतरणीचे श्रेय जे हाताशी असेल त्याला मिळते. दुसरे कारण म्हणजे उपचाराच्या अपेक्षेने होणारा परिणाम, जो वेदनेच्या बाबतीत चांगलाच जाणवतो. तिसरे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. आठवड्यातून एकदा तासभर शांत खोलीत पडून राहायचे, कोणी हाक मारायची नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत आणि समोरच्या व्यक्तीचे सगळे लक्ष आपल्याकडे, ही सोय आपल्याकडील किती गृहिणींना मिळते? तिने डोके उतरले तर नवल नाही.

हातातून वाहणारी ऊर्जा जाणवते, या दाव्याची एक सुंदर परीक्षा अमेरिकेत झाली. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञानप्रकल्पासाठी ती योजली होती. रेकीशी मिळत्याजुळत्या ‘थेरप्युटिक टच’ या उपचारातील २१ जणांनी पुठ्ठ्याच्या पडद्यातील छिद्रांतून दोन्ही हात पलीकडे ठेवायचे. एमिली नाणे उडवून ठरवायची आणि त्यांच्या उजव्या किंवा डाव्या तळव्याच्या वर आपला हात धरायची. ऊर्जा कोणत्या हाताला जाणवते, एवढेच त्यांनी सांगायचे होते. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे ४४ टक्के. निव्वळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर यायला हवी होती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने हा प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षा रेकीची नव्हती हे मान्य, पण दुसऱ्याच्या शरीराची ऊर्जा तळहाताला कळते हा दावा दोन्हींकडे एकच आहे.

तेव्हा तो शांत तास आपण खुशाल चालू ठेवावा. तो परवडत असेल तोवर त्यात माझी हरकत नाही. गोळ्या मात्र त्या ताईंच्या सांगण्यावरून एकही कमी करू नये. त्या कमी करायच्या की नाही ते त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, आणि तेही रेकी चालू आहे हे न लपवता. एकाएकी पूर्वी कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी झाली, तिच्यासोबत ताप, बोलण्यात अडखळणे, हातापायातील जोर जाणे किंवा दिसेनासे होणे असे काही घडले, तर कोणत्याही उपचारकाला दूरध्वनी न करता थेट रुग्णालयात जावे. ‘फोटोवरून दूरस्थ रेकी’साठी पैसे पाठवण्याचा प्रस्ताव आला, तर त्यात आपल्याला तो निवांत तासही मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आपण लोक न अभ्यासता ज्योतिषावर टीका करता. आमच्या घराण्याच्या ज्योतिषीबुवांनी माझ्या स्वभावाचे केलेले वर्णन शब्दशः खरे आहे. विज्ञानाला सर्व काही कळले आहे, असा हा अहंकार नाही का?

उत्तर : विज्ञानाला सर्व काही कळलेले नाही, कळले असते तर प्रयोगशाळा बंद झाल्या असत्या. पण जे अद्याप कळलेले नाही ते अमुक एका व्यक्तीला कळले आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

‘न अभ्यासता’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो, म्हणून ज्यांनी अभ्यास केला त्यांचे उदाहरण देतो. २००८ मध्ये पुण्यात दिवंगत डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी म्हणून शाळांनी निवडलेल्या १०० मुलांची आणि मतिमंदांच्या शाळांतील १०० मुलांची जन्मतारीख, वेळ व ठिकाण गोळा करून २०० पत्रिका तयार केल्या गेल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच विचारले. पत्रिका घेणारे ५१ होते, उत्तरे पाठवणारे २७. त्यांच्या बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून याहून वेगळे काही हाती लागले नसते.

या चाचणीत मला आवडते ते तिचे निष्पक्षपण. उत्तरे कोणती बरोबर हे तपासणाऱ्यांना आधी माहीत नव्हते, आणि ज्योतिषांचे निकाल ७०-८० टक्के आले असते तर ते प्रसिद्ध करण्यावाचून आयोजकांना गत्यंतर नव्हते. या चाचणीने ज्योतिषातील प्रत्येक विधान निकालात निघाले असे मी म्हणणार नाही. पत्रिकेवरून बुद्धी कळते, हा एकच दावा तिने तपासला. दुसरा कोणताही दावा ज्योतिषांनी स्वतः निवडावा, अपयश कशाला म्हणायचे ते आधी लिहून द्यावे आणि मग तपासावे. अमेरिकेतील जादूगार जेम्स रँडी यांनी अतींद्रिय शक्ती दाखवणाऱ्यास ठेवलेले १० लाख डॉलरचे बक्षीस २०१५ मध्ये बंद झाले, तोवर हजाराहून अधिक लोकांनी अर्ज केले होते. चाचणीच्या अटी अर्जदाराच्या संमतीनेच ठरत. प्राथमिक फेरीही कोणी ओलांडली नाही.

आपल्या स्वभाववर्णनाबाबत एक गंमत सांगतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्यासाठी खास तयार केलेले’ स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातील बराचसा बाजारातल्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. ज्योतिषीबुवांनी लिहून दिलेले वर्णन नाव खोडून आपल्या चार-पाच स्नेह्यांना द्यावे आणि ‘हे तुझे आहे’ असे सांगून पाहावे. बुवांविषयी आपल्याला आदर आहे आणि त्यांनी संकटात धीर दिला असेल, तर त्यासाठी तो आदर राहू द्यावा; मी त्याच्या आड येत नाही.

प्रश्न : जादूटोणाविरोधी कायद्याखाली अशा केंद्रांविरुद्ध तक्रार करता येते का? माझ्या बहिणीकडून ‘बाधा’ काढण्यासाठी बरीच रक्कम घेतली गेली आहे.

उत्तर : काही बाबतीत येते. डॉ. दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाअखेर कायदा झाला. श्रद्धेवर, वारीवर, कीर्तनावर त्याने कोणतेही बंधन घातलेले नाही आणि ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुसल्लागार यांचा निव्वळ सल्लाही त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. म्हणून पहिल्या पत्रातील नाडीवाचन केवळ वाचन म्हणून या कायद्यात बसणार नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे व लोकांना फसवणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण वा छळ करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे, ही कृत्ये मात्र गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी आहे.

बहिणीच्या प्रकरणात मारहाण किंवा छळ झाला असेल तर पोलीस ठाण्यात या कायद्याखालील दक्षता अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. केवळ खोटे आश्वासन देऊन पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ लागू होऊ शकते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार मंत्राने, ताईताने किंवा औषधाने बरे करण्याची जाहिरात असेल, तर ती १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध असून तिचे कात्रण किंवा मोबाइलवरील छायाचित्र अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावे. पैसे रोखीने दिले असतील तर दिलेल्या तारखा, रक्कम आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावे बहिणीकडून आजच लिहून घ्यावीत. ग्राहक आयोगाकडे जायचे ठरले, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पहिला हप्ता कधी दिला, हे म्हणून आधी पाहावे.